यूथ विंग काढा, पण सतरंज्या उचलायला नको

गेल्या तीन वार्षिक सभांमध्ये आमच्या नाशिकच्या इंजिनिअरांच्या संघटनेत तरुण सभासदांचा वेगळा ग्रुप काढायचा विषय निघाला आणि तिन्ही वेळा तो 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या शेवटच्या नंबरवर निघाला. ज्याने आयुष्यात एकदा तरी कुठल्या संस्थेची सभा बघितलीय त्याला माहितीये या नंबरला काय होतं ते. तोपर्यंत मागच्या दारातून मसालेभाताचा वास यायला लागलेला असतो, निम्मे लोक हात धुवायला उठलेले असतात आणि उरलेले "हो हो, छान कल्पना आहे, कमिटीने विचार करावा" म्हणत माना डोलावतात. मग कमिटी विचार करते. वर्षभर करते.

मी सिव्हिल इंजिनिअर, स्ट्रक्चरचं काम करतो, वय ४३. म्हणजे तरुण पोरांत बसलो तर काका, आणि सिनिअर लोकांत बसलो तर "अरे तू जरा माईकचं बघ ना". असं अधांतरी बसल्याचा एकच फायदा, दोन्हीकडची कुजबुज ऐकू येते. सिनिअर म्हणतात आजकालच्या पोरांना संघटनेत इंटरेस्टच नाही, सगळं त्यांना मोबाईलवर पाहिजे. पोरं म्हणतात तिथे येऊन करायचं काय, सत्कार बघायचे? आणि खरं सांगायचं तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाचायची गरज नाही ज्यांना घाई आहे त्यांना. ग्रुप काढाच. पण त्याला स्वतःचे पैसे आणि कार्यकारिणीत मतदानाचा हक्क असलेल्या खुर्च्या देणार असाल तरच काढा. नाहीतर काढू नका, कारण मग ती यूथ विंग नसते, ते फुकटचं केटरिंग असतं. दर इंजिनिअर्स डेला म्हणजे १५ सप्टेंबरला स्टेज लावायला, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला आणि फोटो ग्रुपवर टाकायला आपल्याला जी पोरं लागतात त्यांना बिल्ले देऊन 'युवा समिती' म्हणायचं, एवढंच होतं. मी स्वतः पंचविशीत हे केलंय, बुके आणायला गाडीवर मेनरोडला जाऊन ट्रॅफिकमध्ये अडकलोय आणि परत आल्यावर भाषणच ऐकायला मिळालं नाही असं झालंय. सतरंजी उचलण्यात कमीपणा नाही हो, पण नुसती सतरंजीच?

आता पोरं का येत नाहीत याचं नेहमीचं उत्तर म्हणजे वेळ. ते खरं आहे पण अर्धंच खरं आहे. संघटनेचं लेक्चर शनिवारी सहाला, आणि शनिवारी सहाला नवीन मुलगा असतो पाथर्डी फाट्याला नाहीतर आडगावच्या साईटवर, उद्या स्लॅब भरायचाय म्हणून स्टील चेक करत, फिटरशी कव्हर ब्लॉकवरून वाद घालत, त्याला तिथून निघून गंगापूर रोडला पोचेपर्यंत आभारप्रदर्शन चालू असतं. वेळ बदलली तर चार पोरं वाढतील, मान्य. रविवारी सकाळी मिसळीला बोलवा, दहा वाढतील, नाशिकमध्ये मिसळीला नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटला नाही.

पण खरं कारण वेगळं आहे आणि ते आपण सभेत कधीच बोलत नाही. समोरच्या सोफ्यावर जे बसलेले असतात ते त्या पोराचे साहेब असतात. म्हणजे अक्षरशः. त्याचा पगार देणारा, त्याच्या अनुभवाच्या दाखल्यावर सही करणारा, किंवा उद्या त्याने नोकरी सोडून स्वतःचं ऑफिस टाकलं तर ज्यांच्याकडून पहिली दोन कामं मिळायची शक्यता आहे असा माणूस. नाशिक मोठं झालंय म्हणतात पण आपल्या धंद्यात अजून सगळे सगळ्यांना ओळखतात, कोणाकडचा पोरगा कोणाकडे गेला ते दुसऱ्या दिवशी कॉलेज रोडच्या चहाच्या टपरीवर कळतं. अशा हॉलमध्ये तो उठून काय विचारणार? की सर, तुम्ही स्टेजवरून क्वालिटीबद्दल बोलताय पण आपल्या ऑफिसमध्ये मला साईट व्हिजिटला पेट्रोलचे पैसे मिळत नाहीत? तो गप्प बसतो. आणि गप्पच बसायचं असेल तर घरी बसलेलं काय वाईट.

त्यांना साहेब नसलेली एक खोली पाहिजे. महिन्यातून एकदा, दोन तास. त्यात ते काय बोलतील याची आपल्याला जी भीती वाटते ना, त्या भीतीमुळेच तो विषय ऐनवेळच्या विषयांत जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. पगाराबद्दल बोलतील, हो. कोण फी बुडवतो, कोण ड्रॉइंग दुसऱ्याकडून करून घेऊन स्वतःची सही मारतो, बोलतील. आजही बोलतातच की, त्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, फक्त आपण त्यात नाही एवढंच.

एक गोष्ट लक्षात घ्या, इंजिनिअरांचं प्रकरण वकील, सीए, आर्किटेक्ट यांच्यापेक्षा वेगळं आहे. आर्किटेक्टला १९७२ च्या कायद्याने कौन्सिल आहे, तिथे नोंदणी नसेल तर आर्किटेक्ट म्हणून प्रॅक्टिस करता येत नाही. सीएंना १९४९ चा कायदा, वकिलांना १९६१ चा. त्यांची पोरं आवडो न आवडो कुठेतरी रजिस्टरवर असतातच. आपल्याला असा देशपातळीवरचा कायदाच नाही. महापालिकेचं लायसन वगैरे असतं पण ते आपल्या संघटनेचं सभासदत्व नव्हे, ते कुणावर सक्तीचं नाही. म्हणजे नवीन मुलगा आला नाही तर त्याचं काहीही अडत नाही. अडतं आपलं. मागच्या वेळी सभासद यादी चाळत होतो, आजीव सभासदांच्या पानांवर पेन्सिलने 'कै.' लिहिलेली नावं वाढतायत आणि शेवटच्या पानावर नवीन नावं मात्र मोजकी. ही यादी बघून ज्याला काळजी वाटत नाही त्याने बीम डिझाईन करताना लोड मोजायचंही सोडून द्यावं.

गंमत म्हणजे आपल्या व्यवसायाची जी जगातली सगळ्यात जुनी संस्था म्हणतात, लंडनची इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स, ती पोरांनीच काढली. १८१८ साली हेन्री पामर आणि त्याच्यासारखे काही तरुण इंजिनिअर एका कॉफी हाऊसमध्ये बसले आणि ठरवलं की आपण भेटत जायचं आणि एकमेकांकडून शिकायचं, कारण तेव्हा सिव्हिल इंजिनिअरिंग नीट शिकायला जागाच नव्हती. कॉफी हाऊसमध्ये! आपल्याकडे पोरं कॅफेत बसली की टाईमपास. पण गोष्टीचा दुसरा भाग सिनिअर लोकांना आवडेल. पहिली दोन वर्षं त्या पोरांना फारसं कोणी विचारलं नाही, मग १८२० मध्ये त्यांनी थॉमस टेलफर्डला अध्यक्ष व्हायची गळ घातली, साठी ओलांडलेला माणूस, रस्ते पूल कालवे बांधून नाव कमावलेला, आणि तो हो म्हणाला तेव्हा संस्थेला वजन आलं, १८२८ मध्ये राजाची सनद मिळाली. म्हणजे पोरांनी चूल मांडली आणि म्हाताऱ्याने त्यावर भांडं ठेवलं. टेलफर्ड असं नाही म्हणाला की आधी माझ्या हाताखाली दहा वर्षं काढा मग बोलू.

इथे लगेच कोणीतरी म्हणणार, वेगळी चूल कशाला, संघटना एकच, फूट पडेल. हा आक्षेप मी हलका समजत नाही. आपल्याकडे निवडणुकीत दोन पॅनल पडतात तेव्हा काय होतं ते मी बघितलंय, वीस वर्षांचे मित्र एकमेकांच्या मुलाच्या लग्नाला गेले नाहीत. युवा ग्रुप म्हणजे तिसऱ्या पॅनलची नर्सरी व्हायला वेळ लागणार नाही, पक्षांच्या युवा आघाड्यांसारखं, चाळिशी उलटली तरी युवा नेते आणि चौकात फ्लेक्स. म्हणून नियम करा की त्या ग्रुपचा पदाधिकारी एकाच टर्मसाठी, दोन वर्षं झाली की बाजूला, आणि त्या पदावर असताना मुख्य निवडणुकीत कोणत्याच पॅनलवर नाव नाही. पण फुटीच्या भीतीने काहीच करायचं नाही म्हणजे क्रॅक दिसतोय म्हणून त्यावर पुट्टी मारण्यासारखं आहे. फूट पडलेलीच आहे. अर्धे लोक हॉलमध्ये आहेत आणि अर्धे आलेलेच नाहीत.

दुसरा आक्षेप, आम्ही पण असेच वर आलो. आलात, आणि मी पण आलो, पण तुमच्या वेळी साहेबाकडे जे होतं ते शिकायला साहेबाजवळच बसावं लागायचं, ट्रेसिंग पेपर, ड्रॉइंग बोर्ड, सगळं. आता उलटं झालंय. डिसेंबर २०२० मध्ये राज्याचे नवीन युनिफाईड डीसीपीआर, म्हणजे बांधकाम परवानगीचे नियम, आले तेव्हा कोणाच्या ऑफिसमध्ये ते आधी कोणी वाचून काढले? ऑनलाईन प्लॅन टाकताना सॉफ्टवेअरला पाहिजे तसे लेअर करून ड्रॉइंग कोण बनवतं? बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या महारेराचा फॉर्म २, ज्यावर इंजिनिअरची सही लागते, त्यातले खर्चाचे आकडे कोण जुळवतं? सही सिनिअरची, रात्रीचं जागरण ज्युनिअरचं. त्याला कामातलं इतकं कळतं तर सभेत मत द्यायला तो लहान कसा? मोटारसायकलचं लायसन अठराव्या वर्षी, मतदान अठराव्या वर्षी आणि आमच्या घटनेत मताचा अधिकार कधी, तर सहसभासदाचा पूर्ण सभासद झाल्यावर, म्हणजे पाच वर्षांच्या अनुभवानंतर आणि दोन जुन्या सभासदांच्या शिफारशीनंतर.

आणि उलट बाजूही आहे, तीही बोलायला पाहिजे नाहीतर पोरं शेफारतील. नवीन मुलाला सॉफ्टवेअर येतं पण गाव माहीत नसतं. सिनिअर लोकांना माहितीये कुठल्या ले-आऊटखाली पूर्वी नाला होता, कुठे दोन फुटांवर काळा पाषाण लागतो आणि त्याच रस्त्यावर चार प्लॉट पुढे काळी माती संपतच नाही. २००८ च्या पुरात पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या किती वर गेलं आणि त्यानंतर निळ्या लाल पूररेषा आखल्या गेल्या तेव्हा गोदाकाठच्या कुठल्या प्लॉटवाल्यांची झोप उडाली, हे कुठल्याच कॅड फाईलमध्ये नाही. ते डोक्यांत आहे आणि ती डोकी सत्तरीची झालीत. हे ज्ञान स्टेजवरच्या भाषणातून उतरत नाही, पोडियम आला की माणूस आपोआप 'आदरणीय व्यासपीठ' म्हणायला लागतो आणि खरं बोलायचं बंद करतो. तेच त्या माणसाला पोरांनी आपल्या खर्चाने आणि आपल्या अटीवर बोलावलं, गाडीत बसवून मखमलाबादपासून आडगावपर्यंत फिरवलं आणि "सर, इथे काय होतं आधी?" एवढंच विचारत गेलं तर चार तासांत जे मिळेल ते चार वर्षांच्या लेक्चरमध्ये मिळणार नाही. हा कार्यक्रम कमिटीला सुचणार नाही. पोरांना सुचेल, त्यांच्या हातात पैसे असतील तर.

पैशावर येतो. दर छोट्या खर्चाला खजिनदारांची मान्यता, तीन कोटेशन, मग पुढच्या मीटिंगला विषय, अशा पद्धतीत पंचवीस वर्षांचा मुलगा दोन महिन्यांत कंटाळतो आणि त्यात त्याची चूक नाही. वार्षिक बजेटमध्ये एक हेड टाका, वर्गणीच्या जमेतला ठरलेला हिस्सा, वर्षाअखेर हिशेब द्या, ऑडिट होऊ द्या, पण मध्ये विचारू नका. चुकतील. एखादा कार्यक्रम आपटेल, हॉलचं भाडं वाया जाईल. आपले किती आपटलेत ते मला मोजायला लावू नका.

आणि मत. हा सगळ्यात अवघड भाग, कारण ग्रुप उपसमिती म्हणून काढायला कार्यकारिणीचा साधा ठराव पुरतो, पण मतदानासह दोन खुर्च्या द्यायच्या तर घटना बदलावी लागते. म्हणजे सर्वसाधारण सभा, आधी लेखी नोटीस, कोरम, आणि मग धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसला कागद. कटकट आहे. पण पदाधिकारी बदलले की चेंज रिपोर्ट टाकायला आपण जातोच ना तिथे? मग एकदा यासाठी जाऊ. निमंत्रित सदस्य, विशेष निमंत्रित, सल्लागार वगैरे गोड शब्द पोरांच्या गळ्यात घालू नका, निमंत्रिताला चहा मिळतो, मत मिळत नाही. रोटरीचं बघा, त्यांनी तरुणांसाठी रोटरॅक्ट १९६८ ला काढलं आणि त्या क्लबांना रोटरीच्या सभासदत्वाच्या व्याख्येत घ्यायला २०१९ उजाडलं. एक्कावन्न वर्षं! तोपर्यंत पहिल्या बॅचचे रोटरॅक्टवाले रिटायर होऊन नातवंडं खेळवत असतील.

आता तरुण कोण हा वाद, जो आमच्याकडे पाऊण तास चालला होता. कोणी म्हणे पस्तीस, कोणी चाळीस, एक ज्येष्ठ म्हणाले मनाने तरुण असेल तो तरुण, त्यावर टाळ्या पडल्या आणि विषय बारगळला. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवा म्हणजे १५ ते २९, जेसी नावाची तरुणांची संघटना आहे ती १८ ते ४० धरते. मला यातलं काहीच पटत नाही, म्हणजे वयाचा हिशेबच पटत नाही. इलेक्ट्रिकलवाल्यांची जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आयट्रिपलई, तिने चांगला मार्ग काढलाय, पहिली डिग्री घेऊन पंधरा वर्षं व्हायच्या आत असाल तर तुम्ही त्यांचे यंग प्रोफेशनल, वय काहीही असो. मी आपल्यासाठी याच्याही एक पाऊल पुढे जाईन, डिग्रीपासून नको, प्रत्यक्ष कामाची पहिली दहा वर्षं धरा आणि मधला खंड त्यातून वजा करा.

हे का म्हणतोय तर माझ्या ओळखीतल्या किमान चार मुली डोळ्यापुढे आहेत. कॉलेजला आमच्यापेक्षा हुशार, दोन वर्षं काम केलं, लग्न, मूल, मध्ये सहा सात वर्षं गेली, आता अडतिसाव्या वर्षी परत सुरुवात करतायत. वयाच्या अटीत त्या बसत नाहीत आणि सिनिअर लोकांत त्यांना कोणी बसवत नाही. तसंच डिप्लोमावाल्यांचं. एकोणिसाव्या वर्षी साईटवर उतरलेला, मग काम करत करत तिशीत डिग्री पूर्ण केलेला मुलगा, त्याची संघटनेत नेमकी जागा कुठली? वर्षं मोजायची तर कामाची मोजा, वाढदिवसाची नको.

आणि घाई कशाची, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणणाऱ्यांना एकच आठवण करून देतो. सिंहस्थ. मागचा २०१५ ला झाला, आता २०२७ तोंडावर आलाय, रस्ते घाट पूल पाण्याच्या लाईनी सगळीकडे खणलेलं आहे आणि या शहरात पुढची बारा वर्षं ज्यांना या कामांची डागडुजी करायचीय ती पिढी आज पंचविशीत आहे. या कामांबद्दल आपल्या संघटनेने काय म्हटलं? एक निवेदन दिलं, फोटो आला. त्या ऐवजी वीस पोरांना सांगितलं असतं की बाबांनो दर पंधरा दिवसांनी अमुक सहा ठिकाणी जा, फोटो काढा, जे दिसतंय ते तारखेसह लिहून ठेवा, पावसाळ्याआधीचं आणि नंतरचं, कोणावर आरोप नाही, नुसती नोंद, तर २०३९ च्या सिंहस्थाला कामं ठरवताना कोणाच्या तरी हातात काहीतरी असतं. अजूनही करता येईल. पण हे कमिटीतले साठीचे लोक उन्हात फिरून करणार नाहीत आणि कामं घेणारे आपलेच सभासद असल्याने कमिटीला ते सोयीचंही नाही. इथेच त्या ग्रुपचा खरा उपयोग आहे आणि इथेच त्याचा खरा त्रासही होणार आहे, ते गैरसोयीचं बोलणार. बोलू द्यायचं की नाही ते आधीच ठरवा, नंतर "आम्ही तुम्हाला यासाठी ग्रुप काढून दिला नव्हता" नको.

यावेळी मी विषय ऐनवेळच्या विषयांत जाऊ देणार नाहीये. घटनादुरुस्तीचा अर्ज लिहिलाय, दोन पानी, बजेट हेड, दोन मतदानाच्या जागा, कामाच्या वर्षांची व्याख्या, एका टर्मची अट, सगळं घालून, नोटिशीत नंबर पडेल असा मुदतीत देणार आहे. सह्या गोळा करतोय. परवा ऑफिसमध्ये आमच्याकडच्या मुलाच्या टेबलावर ठेवला, चार वर्षं आहे माझ्याकडे, शांत मुलगा. त्याने दोन्ही पानं नीट वाचली, पेन उघडलं, आणि वर बघून म्हणाला, "सर, मी सही केली तर तुम्हाला चालेल ना?"